नायिका हलते तेव्हा: स्लाइस ऑफ लाइफ ॲनिमेतला स्वभाव कसा तपासायचा आणि कसा सावरायचा

स्लाइस ऑफ लाइफमध्ये, म्हणजे रोजच्या साध्या जगण्यावर बेतलेल्या ॲनिमेत (जपानी ॲनिमेशन मालिकेत), हरवायला शत्रू नसतो आणि जिंकायला अंतिम सामना नसतो. प्रेक्षक पुढचा भाग लावतो तो नायिकेसोबत आणखी थोडा वेळ काढावासा वाटतो म्हणून. टीव्हीवरचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी ९० सेकंदांचं धरलं, तर हाती वीस-एकवीस मिनिटं उरतात. बारा भागांचा हंगाम म्हणजे नायिकेचा सहवास जेमतेम चार तासांचा. एवढ्यात ती दोन-तीनदा परकी वाटली तरी मालिका हातातून सुटते, कारण धरून ठेवायला कथानकाचा दुसरा धागा नसतो.

जपानी प्रेक्षक अशा वेळी ‘क्यारा गा बुरेतेरु’ म्हणतात. ‘बुरेरु’ हे क्रियापद हललेल्या फोटोलाही लावतात: माणूस तोच, पण कडा धूसर. पात्र ओळखीपलीकडेच गेलं तर शब्द येतो ‘क्यारा होकाई’, म्हणजे पात्राची पडझड. हे दोन दोष वेगळे ठेवा. हललेली नायिका बहुतेक वेळा एका प्रसंगातल्या चार ओळी बदलून सावरते. कोसळलेल्या नायिकेसाठी मागचे भाग पुन्हा उघडावे लागतात.

पुढची पद्धत पटकथा किंवा कॉमिक लिहिणाऱ्यांसाठी आहे. मालिकांवर समीक्षा लिहिणाऱ्यांनाही तपासणीचा भाग जसाच्या तसा वापरता येईल.

वेगळं वागणं म्हणजे विसंगती नव्हे

शाळेतल्या मुलींच्या बँडवरच्या ‘के-ऑन!’ (२००९) या मालिकेतली हिरासावा युई घ्या. गिटारच्या कॉर्ड शिकते, परीक्षेत नापास होते, फेरपरीक्षेसाठी अभ्यासाला बसते, पैकीच्या पैकी गुण आणते आणि तोवर कॉर्ड साफ विसरलेली असते. कागदावर या तीन मुली आहेत: एक अभ्यासात ढ, एक हुशार, एक विसराळू. पडद्यावर मात्र एकच मुलगी दिसते. तिचं चित्त एका वेळी एकाच गोष्टीवर बसतं आणि बसलं की बाकीचं पुसलं जातं, हा एक नियम तिन्ही वागण्यांच्या तळाशी आहे. प्रेक्षकाने तो शब्दांत मांडलेला नसतो, पण त्याला तो कळलेला असतो.

या लेखात त्याला ‘तळाचा नियम’ म्हणू. वरचं वागणं कितीही बदलो, तळाचा नियम टिकला तर नायिका टिकते. उलटही खरं आहे. प्रत्येक भागात तेच तकियाकलाम बोलणारी, तशीच अडखळून पडणारी मुलगी आतून रोज बदलत असू शकते, आणि ते लवकर लक्षात येत नाही, कारण वरचं लेबल जागेवर असतं.

आरोप करण्याआधी

तीन गोष्टी आधी तपासा. सबटायटल, क्रम आणि काळ.

सबटायटलमुळे होणारा घोटाळा सगळ्यात जास्त. जपानीत स्वतःला ‘वाताशी’ म्हणणारी, ‘आताशी’ म्हणणारी, ‘उची’ म्हणणारी आणि ‘बोकु’ म्हणणारी मुलगी वेगवेगळी ऐकू येते. ‘देस-मास’ची अदब राखून बोलणं आणि मैत्रीतलं साधं बोलणं यांतला फरकही तसाच. सबटायटलमध्ये या सगळ्याचं एकच ‘मी’ होतं. मग नायिका अचानक तुटक का बोलली हे कोडं पडतं, आणि मूळ संवाद ऐकला की कळतं की ती त्या माणसाशी पहिल्यापासून अदब राखूनच बोलत होती. खटकलेली जागा आवाज वाढवून पुन्हा ऐका. भाषा येत नसली तरी वाक्याच्या शेवटी येणारं ‘देस’, ‘मास’ आणि नावामागचं आदराचं ‘सान’, लाडाचं ‘चान’ कानाला पकडता येतं.

क्रमाचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘सुझुमिया हारुही नो युउत्सु’ ही मालिका. २००६ साली तिचे १४ भाग घटनाक्रम मोडून दाखवले गेले होते. तो क्रम माहीत नसेल तर नायिकेची दोन भागांतली जवळीक उलटी-सुलटी वाटणारच. खेड्यातल्या शाळकरी मुलींवरच्या ‘नोन नोन बियोरी’ या मालिकेचं प्रकरण आणखी नाजूक. २०१५ चा दुसरा हंगाम पुढच्या वर्षात जात नाही, पहिल्या हंगामाचंच वर्ष पुन्हा सुरुवातीपासून चालतो. म्हणजे तोक्योहून नवी आलेली होतारु दुसऱ्या हंगामात बाकीच्यांपासून जरा अंतरावर दिसली तर ती मागे गेली असं नव्हे, आपणच वर्षाच्या मागच्या महिन्यात गेलो आहोत.

काळ म्हणजे मालिकेतला काळ वाहतो की थांबलेला आहे. ‘साझाए-सान’ ही मालिका १९६९ पासून टीव्हीवर चालू आहे आणि त्यातलं कुणीही मोठं झालेलं नाही. अशा थांबलेल्या काळाला जपानीत ‘साझाए-सान जिकू’ असं नावच पडलं आहे. तिथे नायिका मागच्या भागातला धडा विसरली तर तो दोष नाही, तो त्या जगाचा करार आहे. वाहत्या काळाच्या मालिकेत मात्र तेच विसरणं अक्षम्य. स्वतः लिहीत असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा: एप्रिलमध्ये शालेय वर्ष सुरू होऊन मार्चमध्ये संपणार आहे का? संपणार असेल तर नायिकेला मागे जाऊन पुन्हा पहिल्यासारखं होता येणार नाही. जूनच्या सुमारास उन्हाळी गणवेश येतो आणि ऑक्टोबरमध्ये हिवाळी परततो. प्रत्येक भागाच्या डोक्यावर महिना लिहिला तर ही आठवण आपोआप राहते.

नायिकेचं एक पान

‘प्रेमळ, धांदरट, लाजाळू’ अशी यादी करून लिहायला बसू नका. विशेषणं फसवतात. लाजाळू मुलगी अनोळखी माणसासमोर मिटून बसते की भडाभडा बोलत सुटते? दोन्ही लाजच आहे, पण त्या दोन मुली आहेत. एकाच यादीवरून लिहिणारे दोन लेखक दोन नायिका घडवतात, आणि एकटाच लेखक असेल तर सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरी.

पानावर कृती लिहा. एक उदाहरण रचून घेऊ: काहो, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात, शाळेच्या वाचनालय समितीत.

- हातात अचानक मोकळा तास आला तर: अर्धवट राहिलेलं काम शोधते.
- खोलीत शिरल्यावर नजर आधी कुठे जाते: वाकड्या, सांडलेल्या, जागेवर नसलेल्या वस्तूकडे. माणसांकडे नंतर.
- चूक पकडली गेली तर पहिले पाच सेकंद: हाताने काहीतरी आवरायला लागते, मग बोलते.
- काय कधीच करणार नाही: कुणाकडे मदत मागणार नाही.
- ते कधी मोडेल: ही ओळ सध्या रिकामी ठेवा.

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. ती पहिल्या मसुद्यात भरता येत नाही. खटकलेल्या जागा सापडल्या की त्याच ती भरतात. पान एकच असावं. तीन पानांचं चरित्र, रक्तगट, आवडता पदार्थ हे सगळं लिहायला छान वाटतं, पण प्रसंग अडला की त्यातलं काही उपयोगी पडत नाही.

कोण कुणाला काय म्हणतं

जपानी निर्मितीत ‘कोशो-ह्यो’ नावाचा तक्ता वापरतात: कोणतं पात्र कोणत्या पात्राला कसं हाक मारतं याचा. आडव्या ओळीत बोलणारा, उभ्या रकान्यात ज्याला हाक मारायची तो. सहा पात्रं असतील तर तीस चौकोन भरावे लागतात, कारण ‘अ’ ‘ब’ला जे म्हणते तेच ‘ब’ ‘अ’ला म्हणेल असं नसतं. प्रत्येक चौकोनात तीन नोंदी करा: नाव की आडनाव, मागे ‘सान’, ‘चान’, ‘सेनपाई’ (वरच्या वर्गातल्यांसाठी) की काहीच नाही, आणि बोलणं अदबीचं की साधं. हाक बदलणार असेल तर भागाचा आकडाही तिथेच टाका: ‘भाग ६ पर्यंत आडनाव, पुढे पहिलं नाव’.

मराठीत लिहिणाऱ्यानेही हा तक्ता टाळू नये. ‘तू’ आणि ‘तुम्ही’, ‘अगं’ आणि ‘अहो’, पूर्ण नाव आणि लाडाचं नाव यांची सरमिसळ झाली की वाचक नेमकं काय चुकलं ते सांगू शकत नाही, पण नायिका खोटी वाटायला लागते. काम तासाभराचं आहे आणि एवढ्या कमी श्रमात इतका फायदा दुसऱ्या कुठल्याच टप्प्यात नाही.

नोंदवही

आता सगळे भाग ओळीने पाहा किंवा वाचा. प्रत्येक भागातून नायिकेने घेतलेले तीन ते पाच निर्णय टिपा. ‘हसली’, ‘घाबरली’ हे निर्णय नव्हेत. ‘छत्री नाकारली’, ‘निरोप वाचून उत्तर दिलं नाही’, ‘मैत्रिणीची चूक स्वतःच्या अंगावर घेतली’ हे निर्णय. समोर मिनिट, तिथे कोण हजर होतं ते, आणि पानाशी जुळतं की नाही याची खूण. बारा भागांत छत्तीस ते साठ नोंदी होतात.

मग न जुळणाऱ्या नोंदी एकाखाली एक मांडा. एकटीदुकटी असेल तर त्या प्रसंगात गडबड आहे. चार-पाच असतील आणि सगळ्या एकाच माणसासमोर घडत असतील, तर ती विसंगती नसून तळाच्या नियमाचा न लिहिलेला अर्धा भाग आहे. धाकट्या भावासमोरच ती चिडखोर असते? मग ते पानावर चढवा. नोंदी विखुरलेल्या असतील, वेगवेगळ्या माणसांसमोर आणि वेगवेगळ्या दिशांनी, तर नायिकेला मुळात तळ नाही. तिथे प्रसंग दुरुस्त करत बसू नका, पान नव्याने लिहा.

हलते कशामुळे

सगळ्यात नेहमीचं कारण विनोदाची गरज. जपानी विनोदी संवाद ‘बोके’ आणि ‘त्सुक्कोमी’ या मानझाईतल्या, म्हणजे दोघांनी सादर करायच्या विनोदी संवादातल्या, जोडीवर उभा असतो: एक वेडगळ बोलतो, दुसरा त्याला टोकतो. चार मुलींच्या गटात टोकणारी ठरलेली असते. ती एखाद्या भागात आजारी पडली की टोकण्याचं काम कुणाला तरी करावं लागतं, आणि हमखास ते नायिकेच्या गळ्यात येतं. पाच भाग ढगात वावरलेली मुलगी अचानक चटपटीत टोमणे मारू लागते. विनोद जमतो, नायिका जाते. उपाय सोपा आहे. टोकणारी गैरहजर असेल तर विनोद टोकल्याशिवायच उभा करा. वेडगळ बोलणं हवेत लोंबकळू द्या, कुणीच काही बोलत नाही, खिडकीबाहेर सायकल जाते. स्लाइस ऑफ लाइफला ती शांतता शोभतेही. किंवा नायिकेला टोकू द्या, पण तिच्या पद्धतीने, म्हणजे चुकीच्या मुद्द्यावर.

दुसरं कारण मूळ कॉमिकच्या आकारात आहे. या प्रकारातल्या बऱ्याच मालिका ‘योनकोमा’वरून, म्हणजे चार चौकटींच्या पट्ट्यांवरून बनतात. चौथ्या चौकटीत हशा यायला हवा, म्हणून प्रत्येक पट्टी पात्राचा सगळ्यात ठळक गुण वापरते. अशा पंधरा पट्ट्या एका भागात ओवल्या की त्या गुणाचाच ढीग होतो, आणि पट्ट्या जोडण्यासाठी नव्याने लिहिलेल्या संथ जागांत तीच मुलगी हळवी आणि समंजस होते. हलणं दिसतं ते बरोबर त्या सांध्यावर. रूपांतर करताना दोन पट्ट्यांतला एक विनोद सरळ गाळा आणि उरलेल्याला अर्धा मिनिट जास्त द्या.

हंगाम लांबला की याचंच दुसरं रूप येतं. पहिल्या भागात कधीमधी विसरणारी मुलगी विसाव्या भागात स्वतःच्या घराचा रस्ता विसरते, कारण विसरण्यावर हशा येतो हे कळलेलं असतं. नोंदवहीत एकाच गुणाच्या नोंदी पुढे पुढे वाढत असतील तर थांबा आणि पुढच्या दोन भागांत तो गुण अजिबात वापरू नका.

तिसरं कारण अनेक हात. टीव्ही मालिकेत भागागणिक पटकथालेखक आणि दिग्दर्शक बदलतात. सगळ्यांना एका सुरात ठेवणं हे ‘शिरीझ कोसेई’चं, म्हणजे मालिकेची एकूण मांडणी सांभाळणाऱ्या लेखकाचं काम. ‘होन-योमी’ या पटकथावाचनाच्या बैठकीत ते होतं. दोघं-तिघं मिळून कॉमिक करत असाल तर अशी बैठक तुम्हीही घ्या. एकाने फक्त नायिकेच्या ओळी मोठ्याने वाचायच्या, मधलं काहीही न वाचता. हललेली ओळ जिभेला अडते.

दुरुस्ती, एका प्रसंगावर

काहोकडे परत येऊ. दुसऱ्या भागात पाऊस कोसळतोय, मैत्रीण छत्री पुढे करते, काहो ‘जवळच तर आहे घर’ म्हणून भिजत निघते. घर जवळ नाही हे आपण आधी पाहिलेलं आहे. सातव्या भागात सांस्कृतिक महोत्सवाची आदली संध्याकाळ. वाचनालयातली पुस्तकांची खोकी वरच्या मजल्यावर न्यायची आहेत. पहिला मसुदा असा:

काहो (दारातून ओरडून): “ए, कुणीतरी या ना! मला एकटीला नाही जमत!”

दुसऱ्या भागातली काहो हे बोलणार नाही. प्रसंगाला गर्दी हवी होती आणि लेखकाने सगळ्यात जवळची दोरी ओढली. इथे तीन रस्ते आहेत. पहिला, ओळ दुसऱ्या कुणाला द्या. काम भागतं, पण नायिका प्रसंगातून बाहेर पडते. दुसरा, मध्ये पायरी बांधा, म्हणजे पाचव्या भागात तिने मदत नाकारल्यामुळे काहीतरी बिघडू द्या. तेही चालतं, पण पूर्ण भाग खर्ची पडतो. तिसरा रस्ता मला सगळ्यात चांगला वाटतो: ती हे कोणत्या कारणाने बोलू शकेल ते शोधा.

नवा मसुदा. काहो एक खोकं उचलते, दोन पायऱ्या चढते, खाली ठेवते. हात झटकते, पुन्हा उचलते. बाजूने पहिल्या वर्षातली समितीतली मुलगी, मोरी, तिसरी फेरी मारतेय, खोकं हनुवटीला टेकलंय, समोरचं दिसत नाहीये. काहो खोकं ठेवून दारात जाते.

“दोघी-तिघी या ना. मोरी एकटी करतेय सगळं.”
“आणि तुझी खोकी?”
“माझी होतील.”

गर्दी जमली, मजा राहिली, आणि पानावरची रिकामी ओळ भरली: स्वतःसाठी मागत नाही, दुसऱ्यासाठी मागायला लाजत नाही. आता मागे वळून दुसरा भाग पाहा, तिथली भिजणारी काहो जास्त खोल झालेली दिसेल. खटकणाऱ्या जागेला आधी प्रश्न विचारा आणि मगच खोडा, असं सांगतो ते यासाठीच.

बदल हवा असेल तर

नायिका बदलू नये असा कुणाचा आग्रह नसतो. एका रात्रीत बदलू नये एवढंच. तंबू ठोकून भटकणाऱ्या मुलींवरच्या ‘युरु कॅम्प’ या मालिकेचा पहिला हंगाम (२०१८) याबाबतीत नीट अभ्यासावा असा आहे. रिनला एकटीने तंबू ठोकायला आवडतं आणि सुरुवातीला गटाचं आमंत्रण आलं की तिची नाराजी चेहऱ्यावर उमटते. तरी हंगामाच्या शेवटी ती सगळ्यांबरोबर ख्रिसमसच्या कॅम्पला जाते, आणि ते खटकत नाही. मधल्या पायऱ्या लहान आहेत. आधी गटातली नादेशिको तिच्याकडे येते आणि दोघी एकत्र जेवतात. मग दोघी वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि फोनवर एकमेकींना रात्रीच्या देखाव्याचे फोटो पाठवतात, म्हणजे सोबतही आहे आणि एकटेपणही शाबूत आहे. गटात सामील होणं त्यानंतर येतं. आणि गटात मिसळल्यावरही रिन एकटीने फिरणं सोडत नाही. जुनी आवड पुसली असती तर ती वेगळीच मुलगी झाली असती.

यावरून कामाचं माप असं घेता येतं: मोठ्या बदलाआधी किमान तीन प्रसंग, तिन्ही वेगळ्या भागांत, आणि त्यांतला एक माघारीचा. माघारीचा प्रसंग लोक विसरतात. काहोने अकराव्या भागात छत्री मागायची असेल, तर नवव्या भागात तिच्या तोंडाशी आलेली विनंती तिने गिळायला हवी. मग अकराव्यात लांब भाषण लागत नाही. “छत्री आहे?” एवढे दोन शब्द बस्स.

चित्र आणि आवाज

पटकथा सरळ असूनही नायिका हलू शकते. भाव दाखवणाऱ्या चित्रांचा तक्ता तयार असेल तर त्यात एक मर्यादा लिहून ठेवा: ही मुलगी तोंड किती उघडते, डोळे किती मोठे करते, ठेंगण्या विनोदी रूपात जाते की नाही. शांत नायिकेचा चेहरा विनोदासाठी एकदा ताणला की पुढच्या गंभीर प्रसंगात तोच चेहरा आठवतो. शरीराची सवयही ठरवा. काहो उभी असते तेव्हा हात काही ना काही आवरत असतात, तर सातव्या भागात ते नुसते लोंबते सोडू नका.

आवाज चित्रानंतर ध्वनिमुद्रित होतो (याला ‘अफुरेको’ म्हणतात) आणि पहिल्या भागांत कलाकार पट्टी शोधत असतात. पुढे सूर खाली किंवा वर स्थिरावणं स्वाभाविक आहे, तो स्वभावातला दोष धरू नये. तुम्ही स्वतः आवाज नोंदवत असाल तर पहिला भाग सगळ्यात शेवटी पुन्हा नोंदवा, किंवा निदान पहिल्या दहा ओळी तरी.

मसुदा हातावेगळा करण्यापूर्वी सगळ्या भागांतून नायिकेच्या वीस ओळी काढा, त्यांत इतर पात्रांच्या वीस मिसळा, नावं पुसा आणि पहिले तीन भाग वाचलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हातात द्या. ज्या ओळी तिच्या म्हणून ओळखल्या गेल्या नाहीत त्यांच्यासमोर भागाचा आकडा लिहा. त्या बहुधा एक-दोन भागांतच गोळा झालेल्या सापडतील, आणि काम तिथून सुरू करायचं.